आंब्याची पेटी विकणारे पान कसे बांधावे

देवगड तालुक्यात दीड-दोनशे कलमे असलेला बागायतदार आपला हापूस वाशीच्या बाजारात न पाठवता थेट मुंबई-पुण्याच्या घरांत पोहोचवायचे ठरवतो, तेव्हा संकेतस्थळाचे काम बहुधा घरातल्याच एखाद्या कॉलेजात शिकणाऱ्या भाच्याकडे जाते. भाचा दोन रात्री जागून पान तयार करतो. पान उघडताच समुद्रावरचा सूर्यास्त दिसतो, ‘सहर्ष स्वागत’ अशी अक्षरे उजवीकडून डावीकडे सरकू लागतात, त्याखाली कोकणच्या निसर्गाचे चार परिच्छेद वर्णन येते, आणि भाव विचारण्यासाठी सर्वांत शेवटी एक फोन नंबर दिलेला असतो. घरच्यांना पान फार आवडते. ग्राहक मात्र भाव न कळताच परत जातो. हा लेख अशा पहिल्याच पानासाठी आहे. उदाहरण आंब्याचे घेतले असले, तरी गोडा मसाला, घोंगडी किंवा हातमागाची साडी विकणाऱ्यालाही यातले बहुतेक सगळे लागू पडेल.

सुरुवात वहीपासून

कामाची पहिली पायरी (आंब्यातली पायरी नव्हे) संगणकावर चढायची नसते. गेल्या हंगामात ग्राहकांनी फोनवर आणि व्हॉट्सॲपवर जे जे विचारले, ते त्यांच्याच शब्दांत आणि ज्या क्रमाने विचारले त्याच क्रमाने एका वहीत उतरवून काढा. ज्यांनी कधी आंबा विकलेला नाही त्यांनी आधी वीस-पंचवीस पेट्या ओळखीत विकून मगच पानाकडे वळावे, कारण हे प्रश्न कल्पनेने सुचत नाहीत. वही साधारण अशी भरते: आंबा नक्की देवगडचा ना? पेटीत किती डझन? फळ केवढे असते? भाव काय, आणि घरपोच पाठवण्याचे वेगळे पैसे का? पिकलेला येणार की कच्चा? आमच्याकडे, म्हणजे समजा चिंचवडला, कधी मिळेल? फळ खराब निघाले तर? पैसे आधी द्यायचे का?

हीच तुमच्या पानाची अनुक्रमणिका आहे. पानावर माणूस टिकतो तो चित्रांच्या हालचालीमुळे नाही. त्याच्या मनात पुढचा प्रश्न उभा राहतो त्याच जागी त्याचे उत्तर डोळ्यांसमोर येते, म्हणून तो खाली सरकत राहतो. एक प्रश्न अनुत्तरित राहिला की अंगठा मागे जाण्याच्या खुणेकडे वळतो. दुकानात गिऱ्हाईक थांबून दुकानदाराला विचारू शकते. पानावर विचारायला कोणी नसतो, आणि विचारण्यासाठी फोन करण्याची तसदी घेणारे थोडेच असतात. म्हणून पानावर एखादा मजकूर किंवा चित्र टाकण्याआधी वहीतल्या कोणत्या प्रश्नाचे ते उत्तर आहे, हे पाहावे. सूर्यास्त एकाही प्रश्नाचे उत्तर नाही.

न सरकवता दिसणारा भाग

बहुतेक ग्राहक तुमचे पान मोबाइलवर उघडतील, तेव्हा आराखडाही मोबाइलच्या रुंदीचाच काढावा. संगणकाचा मोठा पडदा नंतर पाहता येतो. साध्या अँड्रॉइड फोनवर ही रुंदी सुमारे ३६० ते ४१२ पिक्सेल धरतात. कागदावर फोन ठेवून त्याच्या कडेने पेन्सिल फिरवा आणि त्या चौकटीत पाच गोष्टी बसवून दाखवा: काय विकता, कुठले आहे, केवढ्याला आहे, फळाचे एक स्पष्ट छायाचित्र आणि मागणीचे बटण. ही चौकट जमली तर निम्मे काम झाले असे मी मानतो, आणि बहुतेक पाने इथेच फसतात.

शीर्षकाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. ‘निसर्गाच्या कुशीतून थेट आपल्या दारी’ हे वाक्य दूध, मध, गूळ, हळद यांपैकी कशावरही चालेल, म्हणजे ते कशाबद्दलच काही सांगत नाही. ‘देवगड हापूस, २ डझनांची पेटी, बागेतून थेट घरी’ यात कविता नाही, पण तीन प्रश्नांची उत्तरे आहेत. पडद्यावर वाचणाऱ्यांची नजर कशी फिरते याचा अभ्यास संकेतस्थळे वापरायला किती सोपी आहेत हे तपासणारे जेकब नील्सन यांच्या संस्थेने २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात वाचक वरच्या एक-दोन ओळी बऱ्यापैकी पूर्ण वाचतात आणि पुढे खाली उतरताना ओळींच्या आरंभीचेच शब्द चाळत जातात, असे दिसून आले. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि मुद्दाही बऱ्याचदा त्याच्यासोबत मागे राहतो, त्यामुळे आपल्याला ही गोष्ट जास्तच जपावी लागते. ‘आमच्याकडे मागणी नोंदवणाऱ्या सर्व ग्राहकांना मुंबई व पुणे येथे घरपोच सेवा विनामूल्य दिली जाते’ याऐवजी ‘मुंबई-पुण्यात घरपोच मोफत’ एवढेच लिहावे.

आपोआप बदलत राहणाऱ्या चित्रांची पट्टी टाकण्याचा मोह आवरावा. पहिले चित्र वाचून होण्याआधी दुसरे येते, आणि ज्या चित्रावर भाव लिहिलेला असतो ते नेमके चौथे असते.

भाव, वजन आणि निवड

आंबा डझनावर विकला जातो, पण डझन हे माप ग्राहकाला अर्धेच कळते. दोनशे ग्रॅमचे फळ आणि तीनशे ग्रॅमचे फळ यांच्या डझनात जवळजवळ सव्वा किलोचा फरक पडतो. म्हणून ‘२ डझन, प्रत्येक फळ २२० ते २५० ग्रॅम’ असे लिहावे. एवढे लिहिल्यावर दुसऱ्या विक्रेत्याचा भाव तुमच्यापेक्षा कमी का, हे ग्राहकाला तुम्ही न सांगताच उमगते.

पाठवणीचा खर्च भावाशेजारीच दाखवावा. ऑनलाइन खरेदीत टोपलीत वस्तू टाकून पैसे न देताच निघून जाणाऱ्यांचे प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत सरासरी ७० टक्क्यांच्या आसपास आढळले आहे, आणि त्यामागे वारंवार सांगितले जाणारे एक मोठे कारण म्हणजे शेवटच्या टप्प्यावर वाढलेली रक्कम. समजा पेटी १,४०० रुपयांची आणि पाठवणी २०० रुपयांची असेल, तर ‘१,६०० रुपये, घरपोच’ हा आकडा पहिल्याच चौकटीत द्यावा. १,४०० पाहून मन बनवलेल्या माणसाला शेवटी १,६०० दिसले, की वरचे दोनशे त्याला परवडत असूनही फसवल्यासारखे वाटते. सुरुवातीलाच १,६०० पाहिलेला माणूस कदाचित घेणार नाही, पण जो घेईल तो शांत मनाने घेईल.

पेट्यांचे किती प्रकार ठेवावेत? या संदर्भात शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांचा २००० साली प्रसिद्ध झालेला मुरंब्याचा प्रयोग नेहमी सांगितला जातो. कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात कधी २४ प्रकारच्या, तर कधी ६ प्रकारच्या मुरंब्यांच्या बरण्या चाखायला मांडल्या. २४ बरण्यांपाशी जास्त लोक थांबले, पण थांबलेल्यांपैकी सुमारे ३ टक्क्यांनीच खरेदी केली, तर ६ बरण्यांपाशी थांबलेल्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांनी. पुढे इतरांनी केलेल्या अशाच प्रयोगांत मात्र हा परिणाम प्रत्येक वेळी आढळला नाही, तेव्हा या आकड्यांना वेदवाक्य मानू नये. माझे मत साध्या व्यवहारावर आधारलेले आहे. बागेत तुम्ही फळांची जेवढी प्रतवारी खरोखर करता तेवढेच प्रकार पानावर ठेवावेत. छोट्या बागेत ते तीनपेक्षा जास्त क्वचितच होतात. ‘राजा’, ‘महाराजा’, ‘सम्राट’ अशी नावे देऊ नयेत. ‘मोठे फळ’, ‘मध्यम फळ’, ‘रसाचे फळ’ म्हटले की आपल्याला कोणते हवे हे आजीलाही कळते.

छायाचित्रे आणि पानाचा वेग

इंटरनेटवरून उचललेले आंब्याचे चित्र वापरू नका. ते कुणाच्या तरी मालकीचे असते हे एक, आणि त्यातला आंबा बऱ्याचदा हापूस नसतोच हे दुसरे. कोकणी ग्राहक डेखाजवळचा (देठाजवळचा) आकार पाहूनच ते ओळखतो. स्वतःच्या फोनने सकाळच्या सावलीतल्या उजेडात चार छायाचित्रे काढावीत. पहिल्यात तळहातावर ठेवलेले फळ, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. दुसऱ्यात कापलेली फोड. तिसऱ्यात झाकण उघडलेली पेटी, पेंढा आणि फळांच्या ओळी दिसतील अशी. चौथ्यात वजनकाट्यावरचे फळ, आकडा वाचता येईल असे. बागेचे आणि मोहोराचे छायाचित्र द्यायला हरकत नाही, पण ते पानाच्या खालच्या भागात, विश्वासाचा मुद्दा येतो तिथे.

आता वेगाचा प्रश्न. फोनने काढलेले एक छायाचित्र सहज तीन-चार एमबीचे असते. अशी चार छायाचित्रे तशीच चढवली तर कणकवलीच्या पुढे रेल्वेत बसलेल्या माणसाला तुमचे पान बोगदा संपेपर्यंत दिसणार नाही. छायाचित्राची रुंदी हजार-बाराशे पिक्सेलवर आणून ते वेबपी या प्रकारात साठवले, की बहुतेक वेळा ते शे-दीडशे केबीत बसते आणि फोनवर पाहणाऱ्याला फरकही जाणवत नाही. हे काम करणारी मोफत साधने ब्राउझरमध्येच चालतात.

गूगलने पानाच्या अनुभवासाठी तीन मोजमापे ठरवली आहेत आणि नवख्याने ती तिन्ही समजून घ्यावीत, कारण तिन्हींमागे ग्राहकाची एकेक कुरकुर आहे. पहिले, पानावरचा सर्वांत मोठा घटक, म्हणजे आपल्या बाबतीत आंब्याचे मुख्य छायाचित्र, २.५ सेकंदांच्या आत दिसावे. दुसरे, बटण दाबल्यावर पानाने २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद द्यावा; हे मोजमाप मार्च २०२४ पासून लागू झाले. तिसरे, पान उघडत असताना मजकुराने जागा सोडून उडी मारू नये; ही उडी ०.१ या निर्देशांकाच्या आत राहावी लागते. तिसऱ्याचा अनुभव सगळ्यांनीच घेतलेला असतो: ‘मध्यम फळ’ वर बोट टेकवायला जावे, तेवढ्यात वरचे चित्र उघडून सगळे खाली सरकावे आणि दाबले जावे भलतेच. उपाय अगदी सोपा आहे. प्रत्येक चित्राची रुंदी आणि उंची कोडमध्ये आधीच लिहून ठेवली, की ब्राउझर तेवढी जागा राखून ठेवतो. खालची चित्रे गरज पडेल तेव्हाच उघडावीत अशी सोय करता येते, पण ती सोय पहिल्या मुख्य चित्राला लावू नये. नाहीतर जे सर्वांत आधी दिसायला हवे तेच मागे राहते. ‘पेजस्पीड इनसाइट्स’ या गूगलच्या मोफत साधनात पानाचा पत्ता टाकला की या मोजमापांची तपासणी होते. तिथल्या शंभरपैकी गुणांच्या मागे मात्र लागू नये. वरील तीन गोष्टी हिरव्या झाल्या की पुरे.

मराठी अक्षर

या विषयावर इंग्रजीतून वाचून काम करणाऱ्यांना हा भाग कुणी सांगत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंकेतांतच असावा. छापखान्यातून पत्रकाचा जुना मजकूर आणला तर तो बहुधा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेला असतो आणि पानावर चिकटवल्यावर रोमन अक्षरांची खिचडी होते. यावर ‘तो मजकूर चित्र म्हणूनच टाकू’ असा तोडगा काढला जातो आणि तो सर्वांत वाईट आहे. चित्रातला मजकूर फोनच्या रुंदीत मुंगीएवढा होतो, शोधयंत्राला तो नीट मिळण्याची खात्री नसते, ग्राहकाला त्यातून पत्ता किंवा नंबर उचलता येत नाही आणि दृष्टिहीन व्यक्तीचे वाचक-सॉफ्टवेअर तिथे मुके होते. गणपतीच्या मंडळाचे फलक असतात तशा चित्रांवर सगळी माहिती कोंबलेली पाने आजही पुष्कळ दिसतात. भाव तर चित्रात कधीच लिहू नये. दर आठवड्याला बदलणारा आकडा चित्रात असला की जुना भाव पानावर राहून जातो आणि भांडण फोनवर होते.

दुसरी गोष्ट फॉन्टची. मुंबईच्या ‘एक टाइप’ नावाच्या गटाचा ‘मुक्त’, किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ असा साधा, मोफत मिळणारा फॉन्ट घ्यावा. देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरे असल्यामुळे त्याची फाइल रोमन फॉन्टपेक्षा जड असते. म्हणून साधे आणि ठळक अशी दोनच वजने (अक्षराच्या जाडीचे प्रकार) उतरवावीत. अक्षराचा आकार १७-१८ पिक्सेलपेक्षा लहान नको, आणि दोन ओळींतले अंतर अक्षराच्या दीडपटीहून थोडे अधिक ठेवावे, कारण आपल्या लिपीत वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, पाय मोडलेली अक्षरे यांना जागा लागते. इंग्रजीच्या मापाने ओळी ठेवल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. अक्षरांमधले अंतर वाढवण्याची सोय शीर्षकाला ऐट आणण्यासाठी वापरली जाते. ती देवनागरीला लावू नये, शिरोरेघ तुटते आणि ‘हापूस’ चे तीन तुकडे होतात.

तिसरी गोष्ट बारीक आहे, पण मराठी डोळ्याला लागते. पानाच्या कोडमध्ये सुरुवातीला भाषा सांगणारी एक खूण असते. तिथे बऱ्याच तयार साच्यांमध्ये इंग्रजी किंवा हिंदी लिहिलेले राहते. ते मराठी करावे. ज्या फॉन्टमध्ये सोय असते त्यात या एका बदलाने हिंदी वळणाच्या ‘ल’ आणि ‘श’ ऐवजी राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयात प्रमाण मानलेले पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ उमटतात, आणि शिवाय पान वाचून दाखवणारे सॉफ्टवेअरही मराठी उच्चार निवडते.

रंगाबद्दल एकच सूचना. आंब्याचे पान म्हणून पार्श्वभूमी पिवळी करून त्यावर पांढरी अक्षरे टाकण्याची चूक इतकी सर्रास होते की ती जवळजवळ रिवाजच झाली आहे. वेबवरील सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार साधा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातल्या फरकाचे गुणोत्तर (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ ला १ असावे लागते. आंबापिवळ्यावर पांढरे अक्षर २ ला १ इतकेही भरत नाही. एप्रिलच्या उन्हात रिक्षात बसून पान पाहणाऱ्याला त्यातले काही दिसणार नाही. पिवळ्यावर गडद तपकिरी वापरा, तेही आंब्याचेच रंग आहेत.

विश्वास बसावा असे काय लिहायचे

‘शंभर टक्के अस्सल’ असे प्रत्येक जण लिहितो, त्यामुळे त्या शब्दांना आता काही मोल राहिलेले नाही. त्याऐवजी पडताळून पाहता येईल अशी माहिती द्यावी. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या फळाला लागू आहे. अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंदणी झालेली असेल तर तिचा क्रमांक लिहा. गावाचे नाव, बागेचा नकाशावरचा ठिकाणा, घरातल्या माणसाचे छायाचित्र द्या. ताज्या आंब्यासोबत आमरसाचे डबे किंवा आंबापोळी विकत असाल तर त्यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना लागतो. त्याचा १४ अंकी क्रमांक पानावर असावा. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला बंदी आहे, हे ग्राहकाला ऐकून माहीत असते. तेव्हा ‘कार्बाइडमुक्त’ एवढाच शब्द लिहिण्यापेक्षा तुम्ही आंबा कसा पिकवता हे दोन वाक्यांत सांगावे: फळ तयार झाल्यावर डेखासकट उतरवतो, पेंढ्याच्या अढीत घालतो, आणि तुम्हाला मिळेल तेव्हा ते थोडे कडक असेल, खायला आणखी दोन-चार दिवस लागतील.

साक्याबद्दलही लिहावे. बागायतदार इथे कचरतात, कारण आपल्याच मालाचा दोष आपणच का सांगावा असे त्यांना वाटते. पण बाहेरून पिवळेधमक दिसणारे फळ कापल्यावर आत पांढुरका, आंबट, स्पंजासारखा भाग निघू शकतो आणि तो फळ न कापता ओळखता येत नाही, हे आंबा खाणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. पानाने याविषयी मौन पाळले तर शंका ग्राहकाच्या मनात राहतेच, फक्त तिला उत्तर मिळत नाही. ‘साका निघाल्यास कापलेल्या फळाचे छायाचित्र दोन दिवसांत पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत करतो’ हे एक वाक्य माझ्या अनुभवात अभिप्रायांच्या लांबलचक यादीपेक्षा जास्त काम करते. ते बटणाच्या अगदी जवळ, न शोधता दिसेल असे ठेवावे. ‘अटी व शर्ती’ नावाच्या वेगळ्या पानात ते पुरले तर लिहून उपयोग नाही.

ग्राहकांचे अभिप्राय टाकायचे असतील तर खरे टाकावेत, त्यांची परवानगी घेऊन, त्यांच्याच शब्दांत. ‘दुसऱ्या पेटीतली तीन फळे मऊ निघाली, पण पैसे लगेच परत आले’ असा एखादा अभिप्राय असेल तर तो आवर्जून ठेवा.

बटण, अर्ज आणि पैसे

बटणावर ‘सबमिट’ किंवा ‘पुढे जा’ लिहू नये. ‘पेटी मागवा’ लिहावे, म्हणजे दाबल्यावर काय होणार हे कळते. बटण बोटाने सहज दाबता येईल एवढे, उंचीला सुमारे ४८ पिक्सेल असावे, आणि त्याचा रंग पानावर दुसऱ्या कशालाही देऊ नये. शेजारी व्हॉट्सॲपचा दुवा ठेवायला हरकत नाही. पुष्कळ ज्येष्ठ ग्राहक तिथूनच मागणी देतील आणि तीही विक्रीच आहे.

अर्जात पिनकोड सर्वांत आधी विचारा. आंबा नाशवंत आहे, प्रत्येक गावी तो वेळेत पोहोचत नाही. नाव, पत्ता, ईमेल सगळे भरून घेतल्यावर ‘आम्ही आपल्या भागात सेवा देत नाही’ म्हणणे हे जेवायला बोलावून ताट न वाढण्यासारखे आहे. पिनकोडनंतर लगेच पोहोचण्याची तारीख दाखवावी. मग नाव, मोबाइल, पत्ता. ईमेल सक्तीचा नको, खाते उघडण्याची सक्ती तर मुळीच नको, आणि आडनाव वेगळ्या रकान्यात मागण्याचे काही कारण नाही. पिनकोड आणि मोबाइलच्या रकान्यात बोट ठेवताच आकड्यांचा कीबोर्ड यावा. मराठी कीबोर्ड वापरणारे लोक नंबर देवनागरी अंकांत टंकतात. तयार साच्यातला अर्ज तो ‘अवैध’ ठरवून परत पाठवतो आणि आपले काय चुकले हे त्या माणसाला कळत नाही. दोन्ही लिपींतले अंक स्वीकारण्याची व्यवस्था दोन ओळींच्या कोडने होते, ती विकसकाकडून आठवणीने करून घ्यावी. चूक दाखवणारा संदेशही माणसाने माणसाशी बोलावे तसा असावा: ‘मोबाइल नंबरात एक अंक कमी आहे.’

पैशांसाठी यूपीआय हवेच. पण इथे एक गंमत वारंवार दिसते: पानावर क्यूआर कोड लावून ‘स्कॅन करा’ म्हटलेले असते, आणि ग्राहक ज्या फोनवर तो कोड पाहत असतो त्याच फोनने तो स्कॅन कसा करणार? मोबाइलवर थेट पैसे देण्याचे ॲप उघडणारे बटण द्यावे. क्यूआर फक्त संगणकाच्या पडद्यासाठी ठेवावा. पैसे आल्यावर ‘धन्यवाद’ एवढ्यावर न थांबता मागणी क्रमांक, पेटी बागेतून निघण्याचा दिवस आणि चौकशीचा नंबर एकाच संदेशात पाठवावा. पहिल्यांदा अनोळखी बागेला पैसे पाठवलेला माणूस पुढचे दोन तास अस्वस्थ असतो.

ज्या युक्त्या टाळायच्या

‘फक्त २ पेट्या शिल्लक’ हे वाक्य दर वेळी पान उघडल्यावर तसेच दिसणे, शून्याकडे धावणारे आणि पान पुन्हा उघडल्यावर नव्याने सुरू होणारे घड्याळ, टोपलीत न विचारता टाकलेली आंबावडी, ‘नको, मला भेसळीचा आंबा चालतो’ असे लिहिलेले नकाराचे बटण: हे सारे प्रकार विक्री वाढवण्याचे उपाय म्हणून शिकवले जातात. भारतात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आणि त्यात १३ प्रकार नावानिशी सांगितले. खोटी घाई, टोपलीत गुपचूप भर, नकार देणाऱ्याला लाजवणे आणि टप्प्याटप्प्याने किंमत उघड करणे हे सर्व त्यात आहेत. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार संमतीच्या चौकटीत आधीच बरोबरची खूण करून ठेवता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावे लागते.

आंब्याच्या बाबतीत खोट्या घाईची गरजही नाही. हंगामच मार्च ते मेचा आहे आणि फळ मोजके आहे. ‘पुढची तोड गुरुवारी, त्यातल्या ४० पेट्यांपैकी २६ नोंदल्या गेल्या’ हा खरा आकडा रोज बदलत राहिला, तर तो घड्याळापेक्षा अधिक परिणाम करतो. अर्थात तो खरोखर बदलता ठेवण्याची मेहनत घ्यावी लागते.

पान लोकांच्या हाती देण्यापूर्वी

पाच जणांना, आणि त्यात भाच्याचे मित्र नकोत, आपापल्या फोनवर पान उघडायला सांगा आणि म्हणा, ‘मावशीकडे ठाण्याला एक पेटी पाठवायची आहे, मागवून दाखवा.’ मग गप्प बसा. हे गप्प बसणे सर्वांत अवघड आहे. ‘अहो, ते खाली आहे बघा’ असे तोंडून निघून जातेच. ते कुठे थांबले, कुठे परत वर गेले, काय मोठ्याने वाचले, एवढेच टिपत जा. पाच जणांत मोठे दोष बहुतेक सापडतात. त्यातला एक जण तरी साठीच्या पुढचा असावा आणि एकाने वायफाय बंद करून पाहावे.

पान सुरू झाल्यावर तीन आकडे आठवड्याला वहीत लिहावेत: किती जण आले, किती जणांनी ‘पेटी मागवा’ दाबले, किती मागण्या पूर्ण झाल्या. पहिल्या आणि दुसऱ्यात मोठी गळती असेल तर दोष भावात, छायाचित्रात किंवा विश्वासात शोधावा. दुसऱ्या आणि तिसऱ्यात असेल तर अर्जात किंवा पैशांच्या टप्प्यात. पानाची दोन रूपे करून कोणते चांगले चालते ते मोजण्याची पद्धत मोठ्या कंपन्यांना शोभते. तुमच्याकडे आठवड्यात ३०० लोक येत असतील आणि एका रूपाने ६, दुसऱ्याने ९ पेट्या विकल्या असतील, तर तो फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो. त्यापेक्षा मागणी अर्धवट सोडलेल्या, पण नंबर दिलेल्या एखाद्या ग्राहकाला नम्रपणे फोन करून ‘कुठे अडचण आली?’ असे एकदाच विचारावे. नवा प्रश्न कळला की तो वहीत लिहून पानावर त्याच्या जागी बसवावा.

जूनमध्ये पाऊस लागला आणि आंबा संपला, की बरेच जण पान बंद करून टाकतात आणि पुढच्या वर्षी नव्या पत्त्यावर नवे पान काढतात. असे करू नये. शोधयंत्राने आणि जुन्या ग्राहकांनी ओळखलेला पत्ता तोच ठेवावा, बटणाच्या जागी ‘यंदाचा हंगाम संपला, पुढच्या वर्षी पहिली तोड निघाली की कळवू का?’ असे लिहून मोबाइल नंबरासाठी एकच रकाना ठेवावा, आणि भावाचा आकडा मात्र त्याच दिवशी काढून टाकावा.